शस्त्रक्रियेनंतरची वेदना : एका सुईचा इतिहास

वैद्यकशास्त्राचा इतिहास आपण बहुधा विजयांचा इतिहास म्हणून वाचतो. देवीची लस आली, भूल देण्याची विद्या आली, पेनिसिलिन आले, क्षयावरची औषधे आली. एकेक ठाणे सर होत गेले आणि रोगांचा मुलूख आकसत गेला, असे त्याचे चित्र आपल्या मनात असते. हे चित्र खोटे नाही. परंतु या मुलखात काही प्रदेश असेही आहेत की, तेथे जय झाल्याची द्वाही फिरली, तरी लढाई मात्र चालूच राहिली. कंबरेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली, दाबणारा भाग काढून टाकला, जखम भरून आली, आणि तरीही ज्यांच्या पायातील कळ काही केल्या शमली नाही, अशा रोग्यांची कथा त्याच प्रदेशातील आहे. या रोग्यांच्या कण्यात सुईने स्टेरॉइड नावाचे औषध सोडण्याची पद्धत गेली सत्तर वर्षे जगभर चालू आहे. ती कोठून आली, तिने काय करण्याचे आश्वासन दिले आणि त्यातले किती पाळले, याचा हा आढावा आहे.

दुखणे मुळात फार जुने आहे. कंबरेपासून निघून नितंब, मांडी, गुडघा, पोटरी असा प्रवास करीत पावलापर्यंत पोहोचणारी ही कळ आपल्याकडील प्राचीन वैद्यांना चांगली परिचित होती. त्यांनी तिला गृध्रसी हे नाव दिले. गृध्र म्हणजे गिधाड. या रोगाने पीडलेल्या माणसाची चाल गिधाडाच्या चालीसारखी होते, अशी या नावाची एक उपपत्ती सांगितली जाते. चरकसंहितेत ही वेदना वरून खाली कोणत्या क्रमाने उतरते, ते अवयवांची नावे घेऊन सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत तर त्याहून सूक्ष्म निरीक्षण आहे. टाचेकडे व बोटांकडे जाणाऱ्या कंडरा पीडित झाल्या म्हणजे पाय उचलून पुढे टाकण्याची क्रियाच अडते, असे तेथे म्हटले आहे.

या निरीक्षणाचे मोल पुढे शेकडो वर्षांनी युरोपात कळून आले. रोग्याला पाठीवर निजवून त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता उचलला, तर या दुखण्यात कळ सणकून येते. आजही प्रत्येक डॉक्टर ही परीक्षा करतो. तिला पॅरिसचे वैद्य लासेग यांचे नाव मिळाले आहे. वस्तुतः लासेग यांनी स्वतः ती लिहून ठेवली नव्हती. त्यांच्या फोर्स्ट नावाच्या शिष्याने १८८१ साली आपल्या प्रबंधात ती नोंदविली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, सर्बियातील डॉक्टर लाझा लाझारेविच यांनी हीच खूण वर्णन करून, पाय उचलताना मज्जातंतू ताणला जातो हे तिचे कारणही सांगितले होते. हे लाझारेविच आपल्या देशात कथालेखक म्हणूनही नावाजलेले होते. वेदनेकडे बारकाईने पाहण्याची सवय त्यांच्या दोन्ही व्यवसायांना उपकारक ठरली असेल, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

या दुखण्याचे मूळ मज्जातंतूत आहे, सांध्यात नव्हे, हे स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय नेपल्स येथील शरीरशास्त्रज्ञ दोमेनिको कोतुन्यो यांच्याकडे जाते. १७६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लॅटिन ग्रंथात त्यांनी सांध्यातून उद्भवणारा कटिशूल आणि मज्जातंतूतून उद्भवणारा शूल यांची फारकत केली. परंतु कारणाचा पत्ता लागला म्हणून उपाय हाती येतोच असे नाही. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे फोड आणणारे लेप, डाग, आणि पुढे तर मांडीतला तो मोठा मज्जातंतू उघडा करून हाताने ताणण्याची शस्त्रक्रिया, असे नाना अघोरी प्रकार चालू राहिले. वेदना भयंकर असली म्हणजे उपचाराच्या भयंकरपणाची तमा उरत नाही, हा मनुष्यस्वभाव या इतिहासात वारंवार प्रत्ययास येतो.

सुईचा प्रवेश १९०१ साली पॅरिसमध्ये झाला. कोकेनने शरीराचा भाग बधिर करता येतो, हे १८८४ पासून माहीत झाले होते. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात झाँ सिकार आणि फेर्नां काथलँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी, एकमेकांच्या अगदी पाठोपाठ आणि स्वतंत्रपणे, एक नवी वाट जाहीर केली. ही वाट समजण्यासाठी कण्याची थोडी रचना ध्यानात घेतली पाहिजे. मज्जारज्जू आणि त्यातून निघणारी मज्जातंतूंची मुळे एका जाड आवरणाच्या पिशवीत, द्रवात तरंगत असतात. ही पिशवी आणि सभोवारचे हाड यांच्यामध्ये चरबीने व बारीक शिरांनी भरलेली एक अरुंद जागा असते. तिला डॉक्टर एपिड्युरल जागा म्हणतात. पाठीच्या अगदी तळाशी, माकडहाडाच्या किंचित वर, त्रिकास्थीला एक नैसर्गिक छिद्र असते. त्यातून सुई वर सरकवली, तर पिशवीला धक्का न लावता या जागेत औषध सोडता येते. सिकार आणि काथलँ यांनी नेमके हेच केले. काथलँ यांचा रोख प्रथम शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याकडे होता. सिकार मात्र मज्जातंतूंच्या रोगांचे वैद्य असल्यामुळे त्यांनी ही सुई वेदना शमविण्यासाठी वापरली. पुढे कोकेनची जागा कमी घातक अशा प्रोकेनने घेतली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात इंग्लंड-फ्रान्समधील कित्येक रुग्णालयांत ही पद्धत रुळली. लंडनच्या विल्यम इव्हान्स यांनी १९३० साली तिच्यावर लिहिलेला लेख बराच काळ प्रमाण मानला जात असे.

याच सुमारास दुसऱ्या एका मार्गाने शस्त्रवैद्य कण्यापाशी येऊन पोहोचले होते. दोन मणक्यांच्या मध्ये जी लवचिक चकती असते, तिचा मऊ गाभा कधी कधी बाहेर डोकावतो आणि शेजारच्या मज्जातंतूच्या मुळावर दाबला जातो, ही गोष्ट आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेव्हा ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. शस्त्रवैद्यांना कण्यात असे पांढरट गोळे सापडत, ते ते काढीतही. परंतु कूर्चेची गाठ, म्हणजे एक प्रकारचे अर्बुद, असे समजून ते बाजूला ठेवीत. १९३२ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात जेसन मिक्स्टर यांनी एका तरुणाच्या कण्यातून असाच एक गोळा काढला. त्यांचे सहकारी जोसेफ बार यांना तो अर्बुदासारखा वाटेना. त्यांनी तो नेहमीच्या निरोगी चकतीच्या भागाशी ताडून पाहिला, रुग्णालयात जपून ठेवलेले जुने नमुनेही काढून तपासले, आणि उलगडा झाला. ज्यांना गाठी म्हटले होते, त्यांतील पुष्कळ गाठी म्हणजे फुटलेल्या चकत्याच होत्या. १९३४ च्या ऑगस्टमध्ये मिक्स्टर आणि बार यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि कंबरदुखीच्या इतिहासात एका नव्या युगाला आरंभ झाला.

या युगाचा मंत्र एका शब्दात सांगायचा तर ‘दाब’ हा होता. मुळावर दाब आहे म्हणून कळ आहे. दाब काढा, कळ जाईल. हा विचार इतका सुबोध आणि इतका शल्यसुलभ होता की, पुढील वीस-तीस वर्षांत अमेरिका आणि युरोपात अशा शस्त्रक्रियांची लाटच आली. आपल्या देशात मेंदू व मज्जारज्जू यांच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली सुरू केला. त्यानंतर मद्रास आणि मुंबई येथेही ही विद्या लवकरच रुजली. पुष्कळ रोग्यांना या शस्त्रक्रियेने खरोखरच जीवदान दिल्यासारखे झाले, हे निर्विवाद आहे. परंतु सर्वांना नव्हे. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी, ज्यांच्याबाबत शस्त्रक्रिया करावी की न करावी असा संदेह होता अशा १२६ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि त्यांचा दहा वर्षे माग घेतला. १९८३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, एक वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेले रोगी स्पष्टपणे अधिक बरे होते. चार वर्षांनंतर हा फरक निर्णायक उरला नाही, आणि दहा वर्षांनंतर तर तो नाहीसाच झाला. याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ होती असा नव्हे; वेळेवर मिळालेला आराम हाही लाभच असतो. परंतु दाब हाच सर्व वेदनेचा कर्ता असता, तर हिशेब असा लागला नसता.

शस्त्रक्रियेनंतरही न सुटलेल्या पाठीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी. दुसऱ्या महायुद्धात त्यांची लढाऊ नौका बुडाल्यानंतर, १९४४ साली, बॉस्टन येथे त्यांच्या कंबरेवर पहिली शस्त्रक्रिया झाली. आराम पडला नाही. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे धातूची पट्टी बसवून कणा स्थिर करण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया झाली. तिच्यानंतर जंतुसंसर्ग होऊन ते मरणाच्या दारी पोहोचले. १९५५ च्या फेब्रुवारीत ती पट्टी काढावी लागली. अधिवृक्क ग्रंथी निकामी होणारा ॲडिसनचा रोग त्यांना असल्यामुळे स्टेरॉइड औषधे ते रोजच घेत होते. अशा रोग्यावर मोठी शस्त्रक्रिया कशी पार पाडावी, याविषयी डॉक्टरांनी १९५५ साली एक लेख लिहिला. त्यातील सदतीस वर्षांचा निनावी रोगी म्हणजे केनेडी होते, हे मागाहून उघड झाले. पुढे डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल त्यांच्या स्नायूंत प्रोकेनच्या सुया टोचून वेदना थोपवून धरीत. १९६१ साली हान्स क्राउस यांनी व्यायाम सुरू करविला, तेव्हा कोठे त्यांना पुष्कळसे बरे वाटू लागले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पदावरचा माणूस, देशातील उत्तमोत्तम शस्त्रवैद्य दिमतीला, आणि तरी कंबरेला पट्टा आवळल्यावाचून त्याला उभे राहवत नसे! या एका उदाहरणातून ही वेदना किती चिवट असते ते ध्यानात येईल.

आता या कथेतील तिसऱ्या पात्राकडे, म्हणजे औषधाकडे, वळले पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिक नावाची प्रसिद्ध संस्था आहे. तेथील फिलिप हेंच यांच्या ध्यानात आले होते की, सांधे आखडून टाकणाऱ्या आमवाताच्या रोग्यांना कावीळ झाली किंवा स्त्री गरोदर राहिली, तर सांध्यांचे दुखणे काही काळ आपोआप ओसरते. शरीरातच असा कोणता तरी पदार्थ निर्माण होत असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळ्या काढलेल्या पदार्थांपैकी एक, पुढे ज्याला कॉर्टिझोन हे नाव मिळाले तो, १९४८ च्या सप्टेंबरमध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचण्यात आला. काही दिवसांतच अंथरुणाला खिळलेली ती स्त्री चालू लागली. १९५० सालचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे ताडेउस राइखस्टाइन यांना देण्यात आले.

आरंभी हे औषध बैलांच्या पित्तापासून तिसाहून अधिक रासायनिक पायऱ्यांनी बनवावे लागे, आणि ते अतिशय दुर्मिळ व महाग होते. नंतर मेक्सिकोतील रानटी कंदापासून मिळणारे द्रव्य आणि बुरशीच्या साहाय्याने घडवून आणलेली प्रक्रिया यांमुळे १९५० नंतर ते विपुल आणि स्वस्त झाले. आपल्या हिमालयाच्या उतारावर उगवणाऱ्या डायोस्कोरिया जातीच्या कंदातही हेच द्रव्य असते. परंतु विपुलतेबरोबर या औषधाचे दुसरे रूपही उघड झाले. औषध थांबविले की दुखणे परत येई. ते दीर्घकाळ चालू ठेवले तर चेहरा सुजे, रक्तातील साखर वाढे, हाडे ठिसूळ होत. तेव्हा औषध सर्व शरीराला देण्याऐवजी जेथे दाह आहे तेथेच ते सोडावे, ही कल्पना सहज सुचण्यासारखी होती. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलँडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात टोचून त्याचा अनुभव प्रसिद्ध केला.

सांध्यात जे चालते, ते मज्जातंतूच्या मुळाशी का चालू नये? १९५२ साली इटलीत रोबेक्की आणि काप्रा यांनी, आणि १९५३ साली फ्रान्समध्ये लिएव्र व त्यांचे सहकारी यांनी, हायड्रोकॉर्टिझोन कण्यातील मुळाजवळ सोडून पाहिले. सिकारची अर्धशतकापूर्वीची वाट आणि हेंचचे नवे औषध यांचा असा संगम झाला. १९६१ साली अमेरिकेत गोबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११३ रोग्यांवरचा अनुभव मांडला, आणि ही सुई अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर प्रचलित झाली.

या उपचारामागे नुसते साहस नव्हते, विचारही होता. दाबाच्या सिद्धांताला एक तडा आधीच गेला होता. १९५१ साली स्वीडनमध्ये लिंडाल आणि रेक्सेद यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मज्जातंतूंच्या मुळांचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा त्यांना तेथे दाहाच्या खुणा आढळल्या. १९५८ साली इंग्लंडमधील स्मिथ आणि राइट यांनी त्याहून धाडसी प्रयोग केला. शस्त्रक्रिया करताना त्यांनी मुळांना व आसपासच्या भागांना नायलॉनचे बारीक दोरे बांधून त्यांची टोके बाहेर ठेवली, आणि काही दिवसांनी रोगी शुद्धीवर असताना ते हळूच ओढून पाहिले. रोगग्रस्त मुळाचा दोरा ओढला की रोग्याला त्याची जुनी, ओळखीची पायातली कळ जशीच्या तशी येई. निरोगी मुळाच्या बाबतीत तसे होत नसे. म्हणजे नुसता स्पर्श किंवा ताण पुरेसा नव्हता. मूळ आधी दाहाने चिडलेले असावे लागे. पुढे १९९३ साली स्वीडनमधील ओल्मार्कर यांनी डुकरांवरील प्रयोगांत, चकतीचा गाभा मुळावर काहीही दाब न देता नुसता ठेवला तरी मूळ बिघडते, हे दाखवून दिले. उलट बाजूने १९९४ साली अमेरिकेत, पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ लोकांच्या कण्यांची चुंबकीय चित्रे काढली, तेव्हा त्यांतील केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष आढळल्या. चकती सरकलेली आणि वेदना नाही. दाब नाही आणि मूळ बिघडलेले: दोन्ही गोष्टी संभवनीय ठरल्या. दाह हा दाबाइतकाच, किंबहुना त्याहूनही महत्त्वाचा, असे मानण्यास आता भक्कम आधार मिळाला.

परंतु या सर्व पुराव्याचा संबंध बहुतांशी ताज्या दुखण्याशी, चकती नुकतीच सरकलेल्या रोग्याशी आहे. ज्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षे लोटली, त्याच्या पाठीचे काय? येथे परिस्थिती निराळी असते. कोणाची चकती पुन्हा सरकलेली असते, कोणाच्या मुळाची वाट हाडाने अरुंद केलेली असून ती पहिल्या वेळी ध्यानातच आलेली नसते, कोणाचे मूळ दीर्घ दाबाने कायमचे दुखावलेले असते. आणि पुष्कळांच्या कण्यात वण तयार झालेला असतो. कातडीवरच्या जखमेचा वण आपल्याला दिसतो. कण्यातल्या जखमेचा वण दिसत नाही, पण तो बनतोच. टोरँटोचे मॅकनॅब आणि त्यांचे सहकारी लारोका यांनी १९७४ साली या वणाच्या पडद्याचे सविस्तर वर्णन केले: पाठीच्या कापलेल्या स्नायूंकडून येणारे तंतू मज्जेच्या आवरणाला आणि मुळांना चिकटतात, आणि मूळ जागच्या जागी बांधले जाते. निरोगी माणूस वाकला की मुळे आपापल्या वाटेत किंचित सरकतात. चिकटलेले मूळ सरकत नाही, ते ताणले जाते.

सुईपुढची अडचण नेमकी हीच आहे. शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी एपिड्युरल जागा वणाने भरून गेलेली असते. तेथून सुई घातली तर मज्जेच्या पिशवीला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. म्हणून बहुधा त्रिकास्थीच्या खालच्या छिद्रातून, म्हणजे सिकारच्या जुन्याच वाटेने, वर जावे लागते. पण द्रव हा नेहमी सोप्या वाटेने जातो. औषध मोकळ्या बाजूला पसरते आणि जेथे त्याची गरज आहे त्या चिकटलेल्या मुळापर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाही. त्यातच, नुसत्या हाताच्या अंदाजाने घातलेली सुई सुमारे चौथा हिस्सा वेळा इच्छित जागी नसते, असे १९८० साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले. तेव्हापासून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, रंगद्रव्य सोडून खात्री करून घेत सुई घालण्याचा प्रघात वाढला. टेक्सासचे गॅबोर रॅट्झ यांनी १९८९ च्या सुमारास बारीक नळी वणापर्यंत नेऊन, तीव्र मिठाचे पाणी आणि स्टेरॉइड सोडून तो वणच सैल करण्याची पद्धत काढली. मार्ग अधिकाधिक अचूक होत गेला, हे खरे. परंतु वण म्हणजे दाह नव्हे. जो पदार्थ दाह शमवितो, तो जुना, घट्ट झालेला वण विरघळवीत नाही. सुई अचूक ठिकाणी पोहोचली तरी तेथे शमविण्याजोगे काही शिल्लक असलेच पाहिजे, असा नियम नाही.

मग अनुभव काय सांगतो? अनुभव आणि प्रमाण यांत फरक असतो, हे या विषयात फार उशिरा ध्यानात घेतले गेले. १९५२ पासून वीस वर्षे ही सुई प्रामुख्याने डॉक्टरांच्या वैयक्तिक अनुभवावर चालली. १९७३ साली इंग्लंडमध्ये डिल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० रोग्यांवर, कोणाला खरे औषध मिळाले हे रोग्याला वा तपासणाऱ्याला कळू न देता, परीक्षा घेतली आणि सुईचा कौल अनुकूल आला. १९९७ साली कॅनडात कारेत यांनी १५८ रोग्यांवर तशीच काटेकोर परीक्षा घेतली. पहिल्या काही आठवड्यांत पायातली कळ थोडी कमी झाली. परंतु तीन महिन्यांनंतर फरक उरला नाही, आणि शस्त्रक्रिया टळण्याचे प्रमाणही वाढले नाही. २०१४ साली अमेरिकेत, कणा अरुंद झालेल्या ४०० रोग्यांवरील परीक्षेत, बधिर करणाऱ्या औषधात स्टेरॉइड मिसळल्याने सहा आठवड्यांनी फारसा अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. आणि ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झालेली आहे, त्यांच्याविषयी झालेल्या काही परीक्षांत नुसते बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइडसह दिलेले औषध यांचे फळ जवळजवळ सारखेच आले. हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. ज्याच्या नावाने ही सुई ओळखली जाते, तोच पदार्थ कदाचित तिचा मुख्य कर्ता नसावा.

या सुईला धोकेही आहेत. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये टेनेसी प्रांतात कण्यात सुई घेतलेले रोगी मेंदूच्या आवरणाच्या दाहाने आजारी पडू लागले. शोध घेता मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथील एका औषध बनविणाऱ्या संस्थेने तयार केलेल्या स्टेरॉइडच्या कुप्यांत बुरशी वाढली होती, असे निष्पन्न झाले. वीस प्रांतांत साडेसातशे माणसे त्यामुळे आजारी पडली आणि सरकारी मोजणीप्रमाणे ६४ दगावली. ही चूक सुईची नव्हती, स्वच्छतेची होती. परंतु जेथे शरीराची नैसर्गिक राखण ओलांडून आपण आत शिरतो, तेथे बाहेरच्या चुकीची किंमत किती मोठी होते, हे तिने दाखवून दिले. त्यापाठोपाठ २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने असा इशारा देण्यास भाग पाडले की, या सुईने क्वचित प्रसंगी दृष्टी जाणे, पक्षाघात किंवा मृत्यूही संभवतो. औषधाचे न विरघळलेले कण एखाद्या बारीक रोहिणीत शिरले, तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठाच तुटू शकतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. आपल्या देशात मधुमेहाचे रोगी पुष्कळ असल्यामुळे, एका सुईनेही काही दिवस रक्तातील साखर चढते, ही साधी गोष्टही विसरता कामा नये.

एवढे सारे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग ही सुई टाकूनच का देऊ नये? त्याचे उत्तर रोग्याच्या बाजूने द्यावे लागते. ज्याला रात्री कुशीवर वळता येत नाही, त्याला दोन-चार आठवड्यांचा आराम क्षुल्लक नसतो. त्या आठवड्यांत तो चालू लागला, व्यायाम करू लागला, कामावर परतला, तर सुईचे काम झाले. आजचे विचारी वैद्य तिचा उपयोग याच मर्यादेत करतात. दाहाची चिन्हे असतील, चकती पुन्हा सरकली असेल, मूळ चिडलेले असेल, तर ती पूर्ण विचारांती एकदा करून पाहतात. लाभ झाला नाही तर पुनःपुन्हा तीच टोचीत राहत नाहीत. बिघडले ते सुईमुळे नव्हे. उसंत देणाऱ्या साधनाला कायमचा इलाज समजले गेले, म्हणून बिघडले.

या विषयातील सर्वांत मोठा बदल मात्र औषधात झाला नाही, दृष्टीत झाला. १९६५ साली रॉनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी, वेदना म्हणजे दुखऱ्या जागेकडून मेंदूकडे धावणारा नुसता निरोप नव्हे, मज्जारज्जूत तिच्यासाठी एक दार असते आणि ते कमी-अधिक उघडते, असा सिद्धांत मांडला. दोन वर्षांनी, १९६७ साली, नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूवर विजेचा सौम्य प्रवाह सोडून वेदना अडविण्याचे साधन प्रथम बसविले. २००७ साली कॅनडातील कृष्ण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर वेदना न शमलेल्या १०० रोग्यांवर या साधनाचा अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केला. उलट २०२२ साली नॉर्वेतील परीक्षेत त्याच्या एका प्रकाराचा खोट्या उत्तेजनापेक्षा विशेष लाभ दिसला नाही. वाद संपलेला नाही. पण एक गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे: दीर्घकाळ चाललेली वेदना मज्जासंस्थेलाच बदलून टाकते. आग विझली तरी घंटा वाजत राहते, आणि ती ऐकणाऱ्याला ती खरीच ऐकू येत असते.

हा बदल नावातही उतरला. कित्येक दशके अशा रोग्यांच्या कागदपत्रांवर ‘अयशस्वी पाठ-शस्त्रक्रियेचा विकार’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव लिहिले जाई. त्यात दोष कोणाचा, हे नावच सुचवीत असे: कधी शस्त्रवैद्याचा, आणि पुष्कळदा, ‘आम्ही तर दाब काढला, मग याला अजून का दुखते’ अशा संशयाने, रोग्याचाच. दाब दिसत नाही, दाह मोजता येत नाही, तेव्हा वेदनाच खोटी असेल, अशी शंका घेणाऱ्या खोल्यांतून या रोग्यांना आयुष्यभर जावे लागले. २०२१ साली जगातील काही वेदनातज्ज्ञांनी हे नाव टाकून, ‘कण्याची दीर्घस्थायी वेदना’ अशा अर्थाचे साधे, कोणालाही दोष न देणारे नाव सुचविले. बाहेरून पाहता ही लहान गोष्ट वाटेल. पण ज्याच्या दुखण्याला प्रथमच दोषारोपाशिवाय नाव मिळाले, त्याला ती तशी वाटणार नाही.

कोतुन्योपासून आजपर्यंतच्या या अडीचशे वर्षांत प्रत्येक पिढीने या वेदनेचे एक कारण शोधले आणि त्या कारणाला साजेसा उपाय योजला. ज्यांचे कारण तेच होते, ते बरे झाले. ज्यांचे नव्हते, ते मागे राहिले. आणि प्रत्येक पुढचा शोध या मागे राहिलेल्यांच्या हट्टी वेदनेने भाग पाडला म्हणूनच लागला. दाबाचा सिद्धांत अपुरा आहे हे दाखविले ते शस्त्रक्रियेनंतरही कण्हत राहिलेल्या रोग्यांनी. स्टेरॉइडची मर्यादा दाखविली तीही त्यांनीच. ज्यांच्यावर इलाज चालला नाही, त्यांचे वैद्यकशास्त्रावर एक ऋण आहे. त्या ऋणाची पहिली परतफेड नवी सुई शोधण्यात नाही. रोगी दुखते म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे खरे मानण्यात आहे, आणि आपल्या हातातील उपायाने त्याला किती दिवस आणि किती आराम मिळेल, हे त्याला आधीच प्रामाणिकपणे सांगण्यात आहे.